बरक्याचा चोर

अप्पांनी पहिलाच घास तोंडात घोळवला आणि ताट पुढे सरकवलं.

"हे रानडुकराचं नाही गो. ह्यानं आयुष्यात कधी एक मूळ उकरलेलं नाही."

अप्पांचं खरंच होतं. त्यांच्या मुलीच्या, कुंदाच्या स्वयंपाकघरातल्या टाकीत हे मटण डुकराच्या पेशींपासून वाढलं होतं, कंपनीच्या पांढऱ्या पावडरीवर. रानात डुकरं उरलीच नव्हती. अप्पा ते सारखं विसरत. आताशा भूकही विसरले होते. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहत.

कुंदाने पावडर फेकून दिली. वाडीतला बरका फणस फोडला, गऱ्यांचा रस गाळला, आठळ्या उकडून वाटल्या आणि सगळं टाकीत ओतलं. "आहार अयोग्य, आहार अयोग्य," टाकी ओरडायला लागली.

"गप गं, तुला काय कळतंय," म्हणत कुंदाने तिचा आवाज बंद केला.

मटण तयार झालं त्या दुपारी अप्पांनी घास घेतला आणि ते थबकले. दुसरा घेतला. बोटं चाटली. आणि कित्येक महिन्यांनी आपले आपण उठून उभे राहिले.

"मेला चोर! हा डुक्कर आपलाच बरका खाऊन माजलाय. मागचं कुंपण मोडलं असणार. माझी कोयती कुठाय?"

"आधी ताट संपवा अप्पा, मी आणते."

कुंदा मागच्या दाराने धावत सुटली आणि अप्पा पोचायच्या आत तिने धडधाकट कुंपणाच्या चार काठ्या उपटून टाकल्या.