जात्याचा खुंटा

"याचं बूड फरशीला चिकटतं आणि खेळण्यातलं हाड घट्ट धरून ठेवतं," म्हणत सुनेनं नवं रबरी यंत्र मांडलं. तीन पायांच्या चंप्या कुत्र्याला हाड पंजात दाबून चघळताच येत नव्हतं. त्यानं हिसका दिला, तसं यंत्र हाडासकट सोफ्याखाली गेलं.

"तुझ्यासारखंच, कामाला चिकटेना!" म्हणत सासू चंद्राक्का सोफ्याखालचं हाड काढून घेऊन तडक गॅलरीत गेल्या. तिथं त्यांचं जातं होतं. अडगळ म्हणून सुनेनं उद्या देऊन टाकायला काढलेलं. त्यांनी खुंटा उपसला आणि चिंधी गुंडाळून त्या भोकात हाड ठोकून बसवलं.

चंप्यानं ओढलं. हाड सुटेना, जातंच घरघरलं. तोही शेपूट हलवत भोवती फिरू लागला.

सुनेला हसू आवरेना. "राहू दे जातं, आत्याबाई."

"राहणारच! वीस वर्षांनी या घरात दळणारं कुणीतरी आलंय."