खडूची फुली

भंगारातल्या दोन पिकअपचे ॲक्सल आणि गिअरबॉक्स जोडून प्रणोतीनं खडकांवर चढणारी गाडी उभी केली, पण बाबा गाडीला वर्कशॉपचं दार ओलांडू देईनात. लष्करी गाड्यांच्या कारखान्यातून इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झालेला माणूस! दर रविवारी गोहलपुरला तिच्या वर्कशॉपमध्ये यायचे, एकेक जोड हातोडीनं ठोकून बघायचे आणि कुठंतरी खडूची फुली मारून निघून जायचे. की पुन्हा कापा, पुन्हा वेल्डिंग करा. अकराव्या फुलीला तिचं डोकं फिरलं.

"बाबा, काहून पास नाही करून राहिले? चालवणार तर मीच आहे ना?"

बाबांनी खडू तिच्या हातात दिला. "चलो, आज तू पास कर." स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि पट्टा आवळला. "आमच्या कारखान्यात पास करणारा अलग अन् चालवणारा अलग. तू फुली पूस, मी गाडी टेकडीवर नेतो."

प्रणोती फुलीपाशी वाकली. नुसता हात फिरवला की झालं असतं. तिनं स्टिअरिंग धरून बसलेल्या बाबांकडे पाहिलं आणि हातोडी उचलली.

दुपारपर्यंत गाडीवर आणखी चार फुल्या पडल्या होत्या. चारही तिच्याच हातच्या.