हात मांडीवर

"मग बदल की. मला काय विचारतेस?" बाई म्हणाल्या आणि सहीसाठी त्यांनी पेन उघडलं.

समोर त्यांची जुनी शिष्या बसली होती. बाईंच्या दिवंगत नवऱ्यानं व्हायोलिनसाठी लिहिलेल्या शेवटच्या तीन रचना ती रविवारी वाजवणार होती. रचना विचित्रच होत्या. जाणकारांनी त्यांना 'प्रयोगशील' ठरवलं होतं; एवढ्या मोठ्या संगीतकाराचं म्हातारपणी डोकं फिरलं असं म्हणायला जीभ रेटत नाही, तेव्हा हाच शब्द कामी येतो. शिष्येला त्या जरा माणसात आणायच्या होत्या. त्यासाठी बाईंची परवानगी हवी होती.

बाईंना त्या कागदांचं तोंडही बघायचं नव्हतं. चाळीस वर्षं त्या व्हायोलिन वाजवत होत्या, तेव्हा या गृहस्थानं व्हायोलिनसाठी एक ओळ लिहिली नाही. जे काही लिहिलं ते पियानोसाठी. मग बाईंना अर्धांगाचा झटका आला. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं कायमची गेली आणि वाद्य कपाटावर गेलं. नेमका तेव्हाच याला व्हायोलिनचा पुळका आला. जखमेवर मीठ चोळणं ते आणखी काय असतं? बाई रबरी चेंडू दाबत व्यायाम करायच्या आणि हा शेजारच्या खुर्चीत वही घेऊन मोठ्यानं आकडे मोजायचा. रचना पुरी झाली की कागद पुढे करायचा. "बघतेस का जरा?" बाई उठून आतल्या खोलीत जायच्या. हे त्यांनी त्याला कधी माफ केलं नाही. तो गेला त्या दिवशीही नाही.

"उड्या फार आहेत," शिष्या सांगत होती. "सूर शेजारच्या बोटाखाली असतो, तरी अख्खा हात सरकवायला लावलाय. आणि दर बारा मात्रांनी ही एवढी मोठी शांतता. लोकांना वाटेल मी पुढचं विसरले. ती काढून टाकते."

"काढ."

"आणि तिथं प्रत्येक वेळी एकच सूचना, 'हात मांडीवर'. मी तर उभी राहून वाजवणार, बाई. मांडी कुठून आणू?"

बाईंचं पेन थांबलं.

"आण इकडे."

त्यांनी चष्मा लावला. बारा मोजून झाले की नवरा हेच म्हणायचा. "बास. हात मांडीवर." दिवसातून तीनदा, दोन वर्षं. सुरांखाली बोटांचे आकडे होते, अंगठा सोडून तर्जनीपासून मोजलेले. एक, दोन, दोन, एक. तीन कुठेच नव्हता, चारही नव्हता. त्यांनी पान उलटलं. तिथंही नव्हता.

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"रविवारी दुसरं काहीतरी वाजव," त्या म्हणाल्या. "हे माझं आहे. आणि जाताना कपाटावरची ती व्हायोलिनची पेटी तेवढी काढून दे."

शिष्या गेल्यावर तारा जुळवण्यात अर्धा तास गेला. मग बाई खुर्चीत बसल्या आणि वाजवू लागल्या. पहिला सूर घसरला, दुसरा खरखरला, पण बोटं कुठे अडली नाहीत. बारा मात्रा झाल्या. त्यांनी डावा हात मांडीवर ठेवला आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीला सांगितलं, "बघितलं मी."