दोन हिसके

"स्विचला शिव्या घालू नकोस, आधी वायर बघ," असं आमचे उस्ताद म्हणायचे. नेटच्या वायरींच्या गुंत्यातली नेमकी वायर शोधायला ते पलीकडच्या खोलीतून ती दोनदा ओढायचे. माझ्या हाताला हिसका बसला की मीही उलट दोनदा ओढायचो. याचा अर्थ सापडली, आता चहा! उस्ताद गेले, वायरी शोधायची यंत्रं आली आणि सगळी गंमतच संपली.

आज हिशेबनीस बाई वैतागल्या होत्या. "अहो, नेट सारखं येतंय-जातंय!"

सगळ्या वायरी जिथं खोचतात त्या स्विचवर त्यांच्या पोर्टचा दिवा लागत-विझत होता, डेटाची निम्मी पॅकेट्स वाटेतच गळत होती. पोर्ट बदलला, तरी तेच. शेवटी वायर स्विचमधून उपसून हातात घेतली, तर तिला दोन हिसके बसले.

सवयीनं मीही दोनदा ओढली आणि मग दचकलो.

"कोण आहे तिकडे?"

मी वायर ओढतच राहिलो, तशी ती छतातून सरसरत अख्खी खाली आली. पलीकडचं टोक केव्हाच कापलेलं होतं. त्यावर उस्ताद खुणेला लावायचे तीच निळी टेप होती.

"आलं हो नेट!" बाई शेजारून ओरडल्या.

दोन्ही टोकं माझ्या मुठीत होती. वायरला पुन्हा दोन हिसके बसले.