पहिला हात

रिसॉर्टच्या लाकडी डेकचं पॉलिश दरवर्षी अनंत मेस्त्री करायचे. यंदा मालकांनी ते काम सुदेशला दिलं, मेस्त्रींच्याच हाताखाली शिकलेल्या सुदेशला! मेस्त्रींच्या पोटात दुखायला लागलं. खोट काढायलाच ते डेकवर गेले. फळ्या अशा घासल्या होत्या की कुठे कुसळ लागेना. त्यांना ते बघवेना.

“मेस्त्री, धुऊन दोनच दिवस झालेत. लाकूड सुकलंय का, तुम्हीच सांगा,” सुदेश म्हणाला.

मेस्त्रींनी तळवा टेकवला. आत गार ओल होती. आता पॉलिश मारलं तर महिन्याभरात पापुद्रे सुटणार.

“सुकलंय की!”

सुदेशनं पॉलिशमध्ये बुडवलेला ब्रश त्यांच्यापुढे धरला. “मग रीतीप्रमाणे पहिला हात तुमचाच.”

मेस्त्रींनी ब्रश घेतला. पण चाळीस वर्षं लाकडावर फिरलेला तो हात काही केल्या खाली येईना.