घोड्यांना इंग्रजी येत नाही

"चला! चला म्हणतो ना!" पर्डी फौजदाराने इंग्रजीत होते नव्हते तेवढे हुकूम सोडले. लगाम खेचून पाहिला, गोंजारून पाहिलं. म्हाताऱ्या हुल्दा नित्श्केच्या फाटकाबाहेर, भर रस्त्यात, तिचे दोन्ही घोडे जागचे हलेनात.

जर्मनीशी लढणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या फौजेसाठी घोडे ताब्यात घ्यायचा कागद त्याच्या खिशात होता. नांगरणी तोंडावर आलेली. हे दोन गेले की हुल्दाचं रान यंदा पडीकच राहणार.

"बाई, काय करून ठेवलंस यांना?"

"मी कशाला काय करू? त्यांना इंग्रजी येत नाही, साहेब. त्यांच्या आईलाही येत नव्हती."

समोरच्या दुकानात लोहार खो-खो हसला.

"मग तू सांग त्यांना!" पर्डी खेकसला.

हुल्दाने लोहाराच्या भिंतीकडे बोट केलं. रस्त्यावर जर्मन बोलाल तर कैद, असा हुकूम तिथे होता. चार दिवसांपूर्वी पर्डीनेच खळ लावून चिकटवलेला. जर्मनीहून येऊन तिच्या आजोबांनी हे गाव वसवलं, या रस्त्याची खडी फोडली, आणि तिथेच तिने तोंड शिवून घ्यायचं! चार दिवस ती आतल्या आत धुमसत होती.

"शब्द सांग. मीच म्हणतो," पर्डी गुरगुरला. "मला कोण पकडतंय?"

"रस्त्यावर नाही सांगायची." हुल्दा दोन पावलं मागे सरून फाटकाच्या आत गेली. फाटक सताड उघडून बाजूला उभी राहिली आणि म्हणाली, "हाइम."

पर्डीने छाती भरून आरोळी ठोकली, "हाइम!"

घोड्यांनी कान टवकारले. गर्रकन वळले आणि सुटले ते थेट फाटकातून आत. लगाम पर्डीच्या मनगटाला गुंडाळलेला. टोपी एकीकडे, तो एकीकडे, असा तो चिखलातून फरफटत गेला.

"थांबव! अगं, थांबव यांना!"

"कशाला? हाइम म्हणजे घरी. घर आलं की थांबतात आपोआप."

घोड्यांनी गव्हाणीत तोंड घातलं. पर्डी उठला, गुडघ्यांवरचा चिखल निपटला.

"साहेब, उच्चार मात्र झकास हं!" रस्त्यावरून लोहार ओरडला.

"उद्या परत येईन मी!" पर्डीने हुल्दावर डोळे वटारले.

"या की," हुल्दा म्हणाली. "रोज एक शब्द शिकवीन."