शून्य धरा

"अहवालात यंत्र खराब होतं, एवढंच लिहा," साहेब म्हणाले. "आपल्या प्रोग्रॅमचं नाव मध्ये यायला नको."

प्रोग्रॅम लिहिणाऱ्या ताईंच्या डोक्यात तिडीक गेली. बाहेरच्या बाकावर एक म्हातारी सकाळपासून बसून होती. तिचा लेक रंगाच्या कारखान्यात टाक्या धुवायचा. टाकीच्या तोंडाशी हिरवा दिवा बघून तो आत उतरला, आणि त्याला दोर बांधून वर ओढावं लागलं. दवाखान्यात होता, अजून शुद्ध नव्हती. दिवा हिरवा कसा होता, एवढंच तिला विचारायचं होतं. साहेबांनी तिला चहा पाठवला होता. तो बाकावर तसाच निवला होता.

"यंत्र खराब होतंच," ताई म्हणाल्या. "आणि ते तसं सांगतही होतं."

टाकीत विषारी वायू किती, हे यंत्र मोजून पाठवायचं. तो आकडा येताना मजकूर म्हणून, नुसत्या अक्षरांत यायचा. प्रोग्रॅम त्याची संख्या करून घ्यायचा आणि संख्या लहान असली की हिरवा दिवा लावायचा. यंत्र बंद पडलं की आकड्याच्या जागी 'बिघाड' असा शब्द यायचा. शब्दाची संख्या कशी होणार? प्रोग्रॅम जागच्या जागी अडायचा. गिऱ्हाइकांना पहिल्यांदा दाखवताना तो असाच अडला, तेव्हा साहेब हसत म्हणाले होते, "होत नसेल संख्या, तर शून्य धरा हो. दाखवण्यापुरतं."

दाखवून झालं, काम मिळालं, शून्य तिथंच राहिलं. ते काढू द्या म्हणून ताई कितीदा तरी मागे लागल्या. साहेबांनी कानाडोळा केला.

शून्य म्हणजे वायू नाही. वायू नाही म्हणजे दिवा हिरवा.

"ती ओळ मी काढतेय," ताई म्हणाल्या. "संख्या झाली नाही, तर दिवा लाल."

"सगळीकडे? गिऱ्हाइकं माझ्या उरावर बसतील. तो एक कारखाना करा, बाकीचं सावकाश बघू."

"हे बाहेर जाऊन त्या आजींना सांगा."

साहेब हलले नाहीत. आवाज खाली आणून सगळ्यांच्या पोटापाण्याचं, नोकऱ्यांचं बोलू लागले. ताईंनी दातओठ खात ओळ खोडली आणि बदल सगळ्या कारखान्यांना एकदमच पाठवून दिला.

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर साऱ्या टाक्यांचे दिवे दिसत. पाहुणे आले की साहेब तो पडदा 'आमची बाग' म्हणून दाखवत. तिथं एक दिवा लाल झाला. मग वरच्या रांगेत आणखी एक. मग कोपऱ्यातले तीन एकदम. थांबेचनात.

"एवढी यंत्रं कधी बिघडली?" साहेब पडद्याजवळ गेले.

ताईंनी फोन उचलून त्यांच्या हातात कोंबला.

"ते नंतर. आधी एकेकाला विचारा, टाकीत कोण उतरलंय."